अनुभवी प्रोग्रॅमरने एआयकडून कोड लिहून घ्यावा का? माझी पद्धत, पायरीपायरीने

मी अठरा वर्षं कोड लिहितोय. सुरुवातीची वर्षं हिंजवडीत परदेशी क्लायंटच्या कामांत गेली. गेली नऊ वर्षं कोथरूडमधल्या एका लहान टीममध्ये पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. ठेवी, कर्जं, रोजची पिग्मी, सभासद नोंदणी, मार्चअखेरचा ताळेबंद. एआय टूल माझ्याकडे दिवसभर उघडं असतं. आमच्या रिपोर्टच्या पानांचा जवळजवळ सगळा कोड आता तेच लिहितं. व्याज आकारणीच्या कोडमधली मात्र एकही ओळ त्याची नाही. ही वाटणी कशी ठरली आणि तुमच्या कामात ती कशी ठरवायची, ते सांगतो.

माझा नियम असा. टूलने दिलेला कोड बरोबर आहे की चूक, हे तुम्हाला तो स्वतः लिहिण्यापेक्षा कमी वेळात आणि तेवढ्याच खात्रीने ठरवता येत असेल, तर लिहून घ्या. ठरवता येत नसेल, तर स्वतः लिहा. पुढच्या सगळ्या पायऱ्या हा नियम रोजच्या कामात पाळता यावा म्हणून आहेत.

पायरी १: पंधरा दिवस वही ठेवा

टूलमुळे वेळ वाचतो असं वाटणं आणि खरंच वाचणं यात बरंच अंतर असू शकतं. मेटर या अमेरिकन संशोधन संस्थेने २०२५ च्या सुरुवातीला १६ अनुभवी ओपन सोर्स प्रोग्रॅमर घेतले आणि त्यांच्याच प्रकल्पांतली २४६ कामं वाटून दिली. काही कामांत एआय वापरायची मुभा, काहींत बंदी. काम सुरू करण्याआधी या मंडळींचा अंदाज होता की एआयमुळे २४ टक्के वेळ वाचेल. काम संपल्यावर ते म्हणाले, २० टक्के वाचला. घड्याळाप्रमाणे त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला होता.

याच्या अगदी उलट निकाल आधी गिटहब कोपायलट या कोड लिहिणाऱ्या एआय टूलच्या प्रयोगात आला होता. तिथे ९५ प्रोग्रॅमरना जावास्क्रिप्टमध्ये एक एचटीटीपी सर्व्हर शून्यातून लिहायला सांगितला होता, आणि टूल वापरणाऱ्यांचं काम सुमारे ५५ टक्के कमी वेळात झालं.

दोन्ही निकाल मला खरे वाटतात, कारण कामं वेगळी होती. सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला तुळशीबागेत जायला मोबाइलवरचा नकाशा लागत नाही. नकाशा उघडून त्याचं ऐकत बसला तर उशीरच होईल. तोच माणूस खराडीत पहिल्यांदा गेला, तर नकाशाशिवाय अर्धा तास फिरत बसेल. मेटरच्या प्रयोगातले लोक स्वतःच्या पेठेत काम करत होते. त्या कोडमध्ये त्यांची कैक वर्षं गेलेली होती. कोपायलटच्या प्रयोगातला सर्व्हर सगळ्यांसाठी नवा होता, आणि त्याच्यासारखे हजारो सर्व्हर टूलने आधीच वाचलेले होते. २०२५ नंतर टूल्स पुष्कळ सुधारली आहेत, त्यामुळे तेव्हाची टक्केवारी आज तशीच धरू नका. स्वतःच्या वेळेचा स्वतःला अंदाज येत नाही, ही गोष्ट मात्र टूल सुधारल्याने बदलत नाही.

म्हणून वही. साधी शंभर पानी चालेल. प्रत्येक कामासमोर चार रकाने करा: काम काय, किती वेळ लागेल असं वाटलं, टूल वापरलं का, खरा वेळ किती लागला. खऱ्या वेळेत प्रॉम्प्ट (टूलला द्यायची सूचना) लिहिणं, उत्तराची वाट बघणं, आलेला कोड वाचणं, दुरुस्त करणं आणि आठवड्याने त्यातला बग शोधणं हे सगळं धरा. शेवटचा भाग लोक हमखास सोडतात. मीही पहिल्या आठवड्यात सोडला होता, आणि म्हणून माझी वही पहिल्या आठवड्यात फार छान दिसत होती.

पायरी २: काय बाहेर पाठवायचं नाही, ते आधी लिहून काढा

ही पायरी छोटी आहे, पण ती झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. तुम्ही नोकरीत असाल तर कंपनीचं धोरण लेखी विचारा. '२०२३ मध्ये सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी सोर्स कोड चॅटजीपीटीत टाकला आणि कंपनीने अशा टूल्सवर बंदी घातली' हे उदाहरण सांगितलं की मॅनेजर विषय गांभीर्याने घेतो. लहान फर्ममध्ये धोरणच नसतं. मग तुम्हीच एका पानावर लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या.

आमच्या पानावर तीन गोष्टी आहेत. सभासदांचा खरा डेटा कुठल्याही टूलला द्यायचा नाही, बग शोधतानासुद्धा नाही. पासवर्ड आणि चाव्या असलेल्या फाइल्स टूलला दिसणार नाहीत अशी सेटिंग करायची. आणि क्लायंटने करारात मनाई केली असेल तर त्या प्रकल्पावर टूल बंद. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे. पण कायदा नसता तरी गावातल्या एखाद्या आजींच्या ठेवीची रक्कम आपल्या हातून बाहेर जाऊ नये, एवढं तर आपण त्यांचं देणं लागतो.

पायरी ३: कामाचे तीन ढीग करा

पंधरा दिवसांची वही घेऊन बसा आणि कामं तीन ढिगांत टाका.

पहिला ढीग, सरळ टूलला द्यायची कामं. एका नजरेत किंवा एकदा चालवून पाहिलं की बरोबर-चूक कळतं ती. रिपोर्टचं पान, एक्सेलमधून डेटा आत घेणारी एकदाच चालवायची स्क्रिप्ट, जुन्या कोडचं एका आवृत्तीतून दुसरीत रूपांतर, न आठवणारा रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातला नमुना शोधणारं सूत्र), अनोळखी भाषेतलं छोटं काम. मला आयुष्यात कधी सीएसएस (पानाची मांडणी ठरवणारी भाषा) नीट आलं नाही. आता पावतीची छपाई जागेवर बसवायला दुपार जात नाही, वीस मिनिटं जातात.

दुसरा ढीग, दोघांनी मिळून करायची कामं. नवीन मॉड्यूल, अवघड क्वेरी, बराच काळ न सापडणारा बग. यात विचार तुमचा आणि टायपिंग त्याचं. पुढच्या पायऱ्या मुख्यतः याच ढिगासाठी आहेत.

तिसरा ढीग, स्वतः लिहायची कामं. चूक झाली तर लगेच दिसणार नाही, पण कुणाचं तरी नुकसान होईल, अशी. आमच्याकडे व्याज, थकबाकी आणि लॉगिनचे अधिकार या ढिगात आहेत. व्याजाचा प्रयोग मी एकदा केला होता. दहा हजार रुपये, नऊ टक्के, शंभर दिवस. टूलने झटकन कोड दिला आणि उत्तर आलं २४६ रुपये ५८ पैसे. वर्षाचे दिवस त्याने ३६५ धरले होते. लीप वर्षात ३६६ धरले तर उत्तर २४५ रुपये ९० पैसे येतं. ६८ पैशांचा फरक, पण हजारो खात्यांत आणि वर्षानुवर्षं. कोणता आकडा धरायचा, हा प्रोग्रॅमिंगचा प्रश्नच नाही, तो संस्थेने ठरवायचा नियम आहे. अनुभवी माणूस तिथे थांबतो आणि मॅनेजरला फोन करतो. टूलने न विचारता एक बाजू धरली आणि कोड इतका नेटका लिहिला की वाचणाऱ्याला तिथे प्रश्न आहे हेच जाणवलं नसतं.

तुमचे ढीग वेगळे असतील. गेम लिहिणाऱ्याचे वेगळे, गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचे वेगळे. दर तीन महिन्यांनी ते पुन्हा लावा, कारण टूल बदलतं आणि तुमची नजरही बदलते.

पायरी ४: प्रॉम्प्टच्या आधी कागद, आणि तो मराठीत

काय हवं आहे ते दहा-बारा ओळींत आधी कागदावर लिहायचं. हे मी मराठीत लिहितो, कारण माझ्या क्षेत्रातले शब्द मराठी आहेत आणि गोंधळ नेमका भाषांतरात होतो. 'येणे बाकी' म्हणजे कर्जदाराकडून एकूण येणं असलेली रक्कम. 'थकबाकी' म्हणजे त्यातली मुदत उलटून गेलेली रक्कम. इंग्रजीत लिहिताना आपण घाईत दोन्हींना 'आउटस्टँडिंग' म्हणून टाकतो, आणि मग टूल दोन्हींसाठी एकच रकाना वापरतं. वसुलीची नोटीस चुकीच्या रकमेची निघते. कर्जदार नोटीस घेऊन शाखेत येतो, चार लोकांसमोर. कोडमधला एक शब्द चुकल्याने माणसाची अशी मानहानी होऊ शकते, हे मी पाहिलं आहे.

कागदावर पाच प्रश्नांची उत्तरं असू द्या. आत काय येणार, बाहेर काय जाणार, रिकामं किंवा चुकीचं काही आलं तर काय करायचं, कुठल्या फाइलला हात लावायचा नाही, आणि काम झालं हे कसं ओळखायचं. पाचव्याचं उत्तर लिहिता येत नसेल तर काम अजून तुम्हालाच समजलेलं नाही. अशा वेळी टूल उघडू नका. ते तुमच्या न समजण्यावर सुबक कोड बांधून देईल.

पायरी ५: टेस्ट तुम्ही लिहा

सगळ्या लेखातली एकच पायरी घ्यायची असेल तर ही घ्या. टेस्ट म्हणजे कोड बरोबर चालतो का हे आपोआप तपासणारा छोटा कोड.

गेल्या वर्षी सभासद शोधण्याचं नवं पान करायचं होतं. काउंटरवरचा माणूस नाव किंवा गाव टाइप करतो, यादी येते. मी टूलला सांगितलं की मराठी मजकूर युनिकोडच्या (संगणकात प्रत्येक अक्षराला आकडा देणाऱ्या प्रमाण पद्धतीच्या) नियमाप्रमाणे एकसारखा करून मग शोध, आणि टेस्टही लिही. पंधरा मिनिटांत सगळं तयार. चौदा टेस्ट, चौदाही हिरव्या, म्हणजे पास. मी कोड वाचला, तो चांगलाच होता, आणि मर्ज केला, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळला.

तीन आठवड्यांनी एका शाखेतून फोन आला. जुन्या सभासदाची दुसऱ्यांदा नोंदणी झाली होती, कारण 'कऱ्हाड' टाइप केल्यावर त्याचं नाव यादीत आलंच नव्हतं. कारण शोधायला मला अर्धा दिवस लागला. 'कऱ्हाड' मधला र संगणकात एकाहून जास्त प्रकारे लिहिला जातो. एका पद्धतीत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि पुढे हलन्त. दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. कऱ्हाड आणि कर्‍हाड. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, आतले आकडे निराळे. र खाली नुक्ता देऊन लिहिलेला प्रकार युनिकोडच्या नियमाने 'ऱ' शी एकरूप होतो, आणि टूलने तेवढंच तपासलं होतं. न दिसणाऱ्या जोडचिन्हाला तो नियम हात लावत नाही.

मी टूलला चूक दाखवली. त्याने लगेच माफी मागून उपाय दिला, तो असा की न दिसणारी चिन्हं सरसकट काढून टाका. पुन्हा टेस्ट हिरव्या. मराठी वाचणाऱ्याला यातला धोका लगेच कळेल. ते चिन्ह काढलं की 'आचार्‍यांना' चं 'आचार्यांना' होतं, स्वयंपाक्याचे गुरुजी होतात. दऱ्यांचा दर्या होतो. बरोबर उपाय होता तो म्हणजे र, हलन्त आणि जोडचिन्ह ही तिकडी दिसली की तिच्या जागी 'ऱ' आणि हलन्त ठेवणं. चार ओळींचा कोड. तो मी स्वतः लिहिला, कारण तो सुचण्यासाठी लहानपणी शुद्धलेखनाच्या वहीत अर्धा र गिरवलेला असावा लागतो.

चूक माझी होती, आणि ती कोड लिहून घेण्यात नव्हती. तपासणीही त्याच हाताकडे सोपवली, तिथे मी चुकलो. ज्याने कोड लिहिताना एखादी शक्यता धरली नाही, तो टेस्ट लिहितानाही ती धरणार नाही. तेव्हापासून आमच्याकडे क्रम असा आहे. आधी मी पाच-सहा टेस्ट हाताने लिहितो, तेही खऱ्या जगात घडलेल्या गोष्टींवरून. जुन्या तक्रारींची फाइल काढतो, शाखेतल्या अनुभवी कॅशियरला विचारतो, 'काकू, यात लोक काय काय गोंधळ घालतात?' त्यांचं उत्तर म्हणजे टेस्टची यादीच असते. मग टूलला कोड लिहायला सांगतो, आणि माझ्या टेस्टच्या फाइलमध्ये बदल करायची त्याला मनाई असते. हे स्पष्ट सांगा, कारण टेस्ट पास होत नसेल तर काही टूल्स टेस्टच बदलतात. त्यानंतर हवं तर त्याला आणखी टेस्ट सुचवायला सांगा. तिथे ते उपयोगी पडतं. रिकामी यादी, उणे रक्कम, वर्षाचा शेवटचा दिवस अशा सर्वसाधारण गोष्टी ते विसरत नाही.

आकडे असतील तर एक-दोन उत्तरं कॅल्क्युलेटरवर काढून टेस्टमध्ये घाला. पायथॉनमध्ये २.५ ला राउंड करून पूर्णांकात आणलं तर २ मिळतात, आणि ३.५ ला आणलं तर ४. शाळेत शिकलेल्या नियमाने पहिल्याचे ३ व्हायला हवेत. पायथॉन बरोबर अर्ध्यावर आलेली संख्या जवळच्या सम संख्येकडे नेतो. हे वाचून कळत नाही, हाताने काढलेल्या उत्तराशी ताडून पाहिलं की कळतं.

पायरी ६: लहान तुकडे, आणि प्रत्येक तुकडा वाचून

एका वेळी जेवढं पूर्ण वाचून होईल तेवढंच मागा. माझी मर्यादा दीडशे ओळी. नवा तुकडा मागण्याआधी आधीचा कमिट करायचा (त्या टप्प्याची नोंद जपून ठेवायची), म्हणजे गाडी भलतीकडे गेली तर परत येता येतं. दोनदा सांगूनही टूल चुकत असेल तर तिसऱ्यांदा समजावत बसू नका. संवाद बंद करा, आधीच्या कमिटवर या आणि स्वतः लिहा. माझ्या वहीतले सगळ्यांत वाया गेलेले तास 'अजून एकदा सांगून बघू' या विचाराचे आहेत.

वाचण्याची माझी रीत जरा वेगळी आहे. वरून खाली वाचलं तर नेटक्या कोडला मान डोलावली जाते. म्हणून मी आधी कोड न बघता कागदावर तीन ओळींत लिहितो की मी हे कसं केलं असतं. मग वाचतो आणि जिथे जिथे त्याने वेगळं केलं आहे तिथे थांबतो. कधी त्याचं बरोबर निघतं, मी शिकतो. कधी माझं. मर्ज करण्याआधी शेजारच्याला तो कोड दोन मिनिटांत समजावून सांगायचा. 'ते टूलने केलंय' हे उत्तर आमच्याकडे चालत नाही. समजावता आलं नाही तर मर्ज नाही.

पीटर नाउर या डॅनिश संगणकशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये मांडलं होतं की प्रोग्रॅम खऱ्या अर्थाने तो बनवणाऱ्यांच्या डोक्यातल्या समजुतीत असतो. ती माणसं गेली की कोड उरतो, पण त्यात सुरक्षित बदल करणं कुणाला जमत नाही. न वाचता मर्ज केलेल्या कोडच्या बाबतीत ती समजूत पहिल्या दिवसापासूनच कुणाच्या डोक्यात नसते.

पायरी ७: पॅकेज आणि अधिकार

टूलने एखादं पॅकेज (इतरांनी लिहून ठेवलेला तयार कोड) सुचवलं तर ते अस्तित्वात आहे का, किती जुनं आहे, कोण सांभाळतं, हे स्वतः जाऊन बघा. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६ मॉडेल्सकडून ५ लाख ७६ हजार कोड नमुने लिहून घेतले, तेव्हा सुचवलेल्या पॅकेजांपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा मुळात अस्तित्वातच नव्हता. अशी काल्पनिक नावं आधीच नोंदवून त्यात घातक कोड ठेवणं हल्लेखोरांना सोपं जातं.

स्वतःहून कमांड चालवणारं एजंट टूल असेल तर त्याला फक्त तुमच्या मशीनवरच्या वेगळ्या ब्रँचवर (कोडच्या स्वतंत्र प्रतीवर) आणि खोट्या डेटावर काम करू द्या. प्रॉडक्शनच्या, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या, डेटाबेसचा पासवर्ड त्याला मिळताच कामा नये. 'काहीही पुसू नकोस' असं प्रॉम्प्टमध्ये लिहिणं हा बंदोबस्त नाही; पुसण्याचा अधिकारच न देणं हा बंदोबस्त आहे.

पायरी ८: आठवड्यातला एक दिवस हाताने

आमच्याकडे गुरुवारी टूल बंद असतं. त्या दिवशी तिसऱ्या ढिगातली कामं होतात. पहिले काही गुरुवार मला जड गेले. साधी फाइल वाचायची ओळ लिहितानाही बोटं उत्तराची वाट बघत थांबत होती, आणि मला मनापासून भीती वाटली. अठरा वर्षांत कमावलेलं कसब सहा महिन्यांत एवढं बोथट होत असेल, तर आलेला कोड तपासायची नजर तरी किती दिवस टिकणार? नियमाची सगळी मदार त्या नजरेवर आहे. आता गुरुवार सवयीचे झाले आहेत.

टीममध्ये फ्रेशर असतील तर त्यांच्यासाठी हे प्रमाण उलटं ठेवा. आमच्याकडे आलेल्या मुलामुलींना पहिले सहा महिने चार दिवस हाताने आणि एक दिवस टूलने काम करायला लावतो. त्यांनी टूलला 'मला कोड देऊ नकोस, मी लिहिलेल्यात काय चुकतंय ते प्रश्न विचारून दाखव' असं सांगायचं, हा वापर कितीही वेळा चालतो. त्यांच्यातल्या एकीने मागच्या महिन्यात 'कऱ्हाड' ची टेस्ट बघून विचारलं, 'सर, मग यात कुऱ्हाड, वाऱ्यावर, तऱ्हा पण घालू का?' आम्ही दोघांनी बसून असे सत्तावीस शब्द काढले. ती यादी आता टेस्टच्या फाइलमध्ये आहे, आणि मराठी मजकुराला हात लावणारा प्रत्येक बदल, मग तो कुणीही लिहिलेला असो, आधी तिच्यावर चालवला जातो.